चोचीची जकात

जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. डोळे मिटून वाचता येत नाही हे मलाही ठाऊक आहे, तेव्हा एक मिटा आणि एक उघडा ठेवा. समजा, तुम्ही एका घराच्या मागच्या अंगणात उभे आहात. डाव्या हाताला पत्र्याची शेड आहे. शेडमध्ये सायकली आहेत: काही उलट्या ठेवलेल्या, काही छताला टांगलेल्या, काहींची चाके काढून भिंतीला टेकवलेली. दाराशी पाण्याने भरलेला एक मोठा टब आहे. ट्यूब फुगवून या पाण्यात दाबली की जिथून बुडबुडे येतात तिथे पंक्चर, एवढे साधे शास्त्र. उजव्या हाताला नळ, कपडे वाळत घालायची दोरी, आणि पार टोकाला एका जुन्या कपाटाला जाळी ठोकून केलेले खुराडे. तुम्ही फाटकातून आत आला आहात, हातात सायकल आहे, तिच्या चाकात हवा नाही. शेडपर्यंत चालत जायचे आहे. त्यात काय अवघड आहे?

आणि मग खुराड्यामागून चौघी निघतात.

चार तलंगा. पिल्लूपण सरले आहे, पण पहिले अंडे अजून घातलेले नाही, अशा वयाच्या कोंबडीला तलंग म्हणतात. माणसांतही हे वय असते, आणि तेव्हा माणसेही दारे आपटतात. चौघींच्या माना पुढे, पंख किंचित उचललेले, आणि चौघी तुमच्या दिशेने धावत येताहेत. धावणारी कोंबडी पाहून सगळ्यांना हसू येते. ती आपल्याकडे धावत येत असेल तर येत नाही.

आता दोन्ही डोळे उघडा आणि पळा.

हे त्या अंगणात रोज घडत होते. शेड होती भिंगरीच्या बाबांची, ते सायकली दुरुस्त करायचे. भिंगरी म्हणजे त्यांची नऊ-दहा वर्षांची मुलगी. एका जागी ती फक्त झोपेत राहायची, म्हणून हे नाव. आई पहाटे बेकरीत कामाला जायची आणि दुपारी अंगाला पावाचा वास घेऊन परत यायची. शिवाय घरात आत्या होती, बाबांची थोरली बहीण. ती जन्मभर दवाखान्यात नर्स होती. मोठमोठ्या पैलवानांना तिने इंजेक्शने दिली होती आणि पैलवान रडले होते. आत्या कशालाच घाबरत नाही, असे सगळी गल्ली म्हणायची. गल्लीने आत्याला मागच्या अंगणात पाहिले नव्हते.

या चार जणी भिंगरीने वाढवल्या होत्या. स्वयंपाकघरात टेबलाखाली पुठ्ठ्याचा खोका, वर ऊब द्यायला एक बल्ब, आणि खोक्यात चार पिवळे गोळे. भिंगरी गृहपाठ करायची तेव्हा त्या तिच्या स्वेटरच्या बाहीत शिरून झोपायच्या. त्यांची नावेही तिनेच ठेवली. सगळ्यांत दांडगी ती फौजदारीण. दुसरीला सगळ्यांच्या वाटीत काय आहे ते बघायची खोड, म्हणून ती जाऊबाई. तिसरी ओरडताना दर वेळी मध्येच अडकायची, ती ठसका. चौथीला स्वतःचे असे काही नव्हतेच. तिघी जिकडे जातील तिकडे ती मागून जायची. ‘कोण कोण पाण्यात पडलं?’ असे विचारले की भिंगरी सांगायची, ‘फौजदारीण, जाऊबाई, ठसका, आणि तीपण.’ तेच नाव पडले: तीपण.

मग चौघींच्या डोक्यावर लाल तुरे आले आणि तुऱ्यांबरोबर अक्कल गेली.

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे याचे कारण होते. मोठ्या माणसांकडे कारणे नेहमीच असतात, उपाय मागितला की त्यांना कामे आठवतात. बाबा म्हणाले, भिंगरीने लाडावून ठेवल्या. आत्या म्हणाली, जातच नतद्रष्ट. आई म्हणाली, मला झोप आली आहे. आणि मामाने आपणहून उपायही सांगितला.

मामा म्हणजे आईचा भाऊ. त्याने आयुष्यात एकही कोंबडी पाळली नव्हती, त्यामुळे कोंबड्यांबद्दल त्याला भरपूर माहिती होती.

‘कोंबडीला एकच गोष्ट कळते,’ मामा चहाचा कप ठेवत म्हणाला. ‘अंगणात साहेब कोण. ते तिला दाखवावं लागतं. बघ आता.’

‘मामा, गमबूट घाल,’ भिंगरी म्हणाली.

‘साहेब गमबूट घालत नाही.’

मामा अंगणाच्या मधोमध गेला. त्याने कोटाची दोन्ही टोके धरून पंखांसारखी पसरली, छाती पुढे काढली, आणि शेजारच्या तीन घरांच्या खिडक्या उघडतील इतक्या मोठ्याने तो आरवला. फौजदारणीने मान वाकडी करून सगळे ऐकून घेतले. पाहुण्याच्या मुलाचे गाणे आपण ऐकतो ना, तसे. गाणे संपल्यावर तिने त्याच्या गुडघ्याचा अंदाज घेतला.

पुढचे फार झटपट झाले. मामा शेडमधल्या स्टुलावर उभा होता आणि हातात ढालीसारखे सायकलचे चाक धरून होता.

‘आता ती घाबरली आहे,’ मामा स्टुलावरून म्हणाला.

‘मग खाली ये,’ बाबा म्हणाले.

मामाने खिशातले अर्धे बिस्कीट लांब भिरकावले, आणि चौघी तिकडे वळल्या तसा तो स्वयंपाकघरात पळाला. याला त्याने माघार म्हटले नाही. डावपेच म्हटले.

इथवर सगळे हसण्यावारी चालले होते. पण मग भिंगरीच्या शाळेचे मास्तर आले.

मास्तरांच्या सायकलचे मागचे चाक बसले होते. ते फाटकातून आत आले, तेही कसे, सरळ रेषेत. मास्तर सगळीकडे सरळ रेषेतच चालायचे. चौघी निघाल्या. मास्तर त्यांना म्हणाले, ‘शांत बसा.’ वर्गात हे चालते. जाऊबाईने डावी पोटरी धरली, ठसक्याने उजवी, मास्तरांनी सायकल सोडली, दोन पावले मागे टाकली, आणि ते थेट टबात बसले.

टब त्यांच्या मापाचाच निघाला. पाणी बाहेर सांडले आणि मास्तर आत अडकले. मग मास्तरांच्या पँटीत कोंडलेली हवा वर आली, आणि टबाच्या मधोमध बुडबुड्यांची एक लांबलचक माळ उमटली.

बाबांचे आयुष्य त्या टबापाशी गेले होते. तोंडातून सवयीनेच शब्द निघाले:

‘इथंच आहे पंक्चर.’

सगळे टबाकडे बघत असताना आत्याने एप्रनच्या खिशातून मक्याचे मूठभर दाणे हळूच काढून लांब फेकले, कोंबड्या तिकडे धावल्या, आणि तेवढ्या वेळात बाबांनी आणि आईने मिळून मास्तरांना टबातून उपटले. मास्तरांनी सायकल उचलली आणि पंक्चर तसेच ठेवून, ओल्या पँटीने, भर बाजारातून सायकल ढकलत ते घरी गेले. जाताना ‘येतो’ म्हणाले नाहीत.

त्या संध्याकाळी बाबा जेवले नाहीत. आधी त्यांना हसू आवरेना म्हणून, आणि मग राग आवरेना म्हणून.

‘बास,’ ते म्हणाले. ‘गिऱ्हाईक फाटकात उभं राहून आधी आत डोकावतं आणि मग पुढच्या चौकातल्या दुकानात जातं. मी काय कोंबड्यांच्या सायकली दुरुस्त करू? रविवारी खाटीक येईल टोपली घेऊन. मी बोललोय त्याच्याशी.’

भिंगरीने हातातला घास ताटात ठेवला. ‘बाबा, त्या अजून लहान आहेत.’

‘मास्तरांच्या पोटऱ्यांना तसं वाटलं नाही.’

‘माझ्या बाहीत झोपायच्या त्या.’

‘आता बाही फाडतात.’

खरेच फाडल्या होत्या, दोन. भिंगरीने ताट थोडे पुढे सरकवले. ‘आणि सुधारल्या तर?’

बाबांनी तिच्याकडे पाहिले. राग असला तरी ते बाबाच होते. ‘माणूस फाटकातून शेडपर्यंत धडधाकट आला पाहिजे. एवढंच माझं म्हणणं. रविवारी खाटीक स्वतः चालून बघेल. जी टोचेल ती जाईल, जी टोचणार नाही ती राहील.’

‘शब्द?’

‘शब्द.’

भिंगरीने दुसऱ्या दिवसापासून जे जे सुचेल ते केले. छत्री उघडून पुढे धरली. छत्रीखाली छान सावली पडली, तीपण त्या सावलीत येऊन बसली, आणि उरलेल्या तिघींनी छत्रीखालूनच पाय गाठले. मग नळाला पाइप लावून पाणी उडवले. हवा गरम होती. चौघींनी पंख पसरून मजेत आंघोळ केली आणि ताज्यातवान्या होऊन हल्ला चढवला. मग कुणीतरी सांगितले, दांडग्या कोंबडीला काखेत धरून फिरवावे म्हणजे तिची मिजास उतरते. भिंगरीने फौजदारणीला काखेत मारून सबंध अंगण फिरवले. मिरवणुकीतल्या राणीसारखी फौजदारीण डावीकडे-उजवीकडे बघत होती. खाली ठेवल्याबरोबर तिने भिंगरीच्या नडगीचा असा लचका तोडला की भिंगरीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

आत्याने जखम धुतली, औषध लावले, पट्टी बांधली. ‘गप खिडकीत बसायचं आज. पाय लांब करून. हललीस तर इंजेक्शन.’

म्हणून भिंगरी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसली. आणि कुठे धावायचे नव्हते, काही करायचे नव्हते, त्यामुळे तिने जन्मात पहिल्यांदा आपले अंगण नुसते पाहिले.

आधी आत्या धुतलेले कपडे घेऊन दोरीकडे निघाली. चौघी धावत आल्या. फौजदारणीने घोट्यावर टोच मारली. ‘घ्या, मेल्यांनो, गिळा!’ म्हणत आत्याने एप्रनच्या खिशातून दाणे काढून फेकले. चौघी दाण्यांकडे वळल्या आणि आत्याने तेवढ्यात चादर वाळत घातली.

थोड्या वेळाने बाबा नळावर हात धुवायला आले. चौघी धावल्या. जाऊबाईने बुटाची लेस ओढली. बाबांनी इकडे-तिकडे पाहिले, शेडमध्ये परत जाऊन बेअरिंगच्या छर्ऱ्यांच्या डब्यात हात घातला, आणि डब्यातून छर्रे निघाले नाहीत, मका निघाला. तो फेकून बाबांनी हात धुतले.

दुपारी आई आली. ती तर फाटकाबाहेरच थांबली. चौघी फाटकाच्या गजांवर चोची आपटू लागल्या, तसा आईने पावाच्या कडांचा चुरा आत टाकला आणि त्या खाण्यात गुंतल्या तशी ती चवड्यांवर चालत घरात शिरली. मग एक गिऱ्हाईक आले. तेही खिशात हात घालूनच आले.

भिंगरी खिडकीत ताठ बसली. तिने मनातल्या मनात स्वतःला कोंबडी केले. हे तुम्हीही करून बघा, कठीण नाही, मेंदू वाटाण्याएवढा करायचा. समजा, मी फौजदारीण आहे. मला पाय दिसला. मी त्याला टोचले. आभाळातून मका पडला. पुन्हा पाय, पुन्हा टोच, पुन्हा मका. कधी मका, कधी पाव, कधी बिस्कीट. आणि ज्या दिवशी मी शहाण्यासारखी कोपऱ्यात बसले, त्या दिवशी मला काय मिळाले? काही नाही. शहाण्या कोंबडीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

‘अगं बाई,’ भिंगरी खिडकीत एकटीच म्हणाली. ‘या तर नोकरी करताहेत.’

आणि मग सहज तिचा हात स्वतःच्या फ्रॉकच्या खिशात गेला. खिशाच्या तळाशी मक्याचा भुगा होता, आणि चांगले टपोरे सात-आठ दाणे.

जेवताना तिने सगळ्यांसमोर विचारले, ‘कोंबडी टोचायला आली की तिला दाणे कोण टाकतं?’

घर एकदम सभ्य झाले. बाबा आमटी ढवळू लागले, जिच्यात ढवळण्यासारखे काही नव्हते.

‘मी?’ आत्या म्हणाली. ‘त्या बयांना? मी एक दाणा देणार नाही. मी त्यांच्याकडे नुसतं बघते. पैलवान माझ्या नजरेनं...’

‘आत्या, एप्रन झटक.’

‘का म्हणून?’

‘झटक ना.’

आत्याने एप्रन झटकला. फरशीवर मका असा काही उड्या मारत गेला की मांजर टेबलाखालून बाहेर आले.

बाबा पोट धरून हसले. ‘अगं ताई, तू? नजरेनं?’

‘बाबा,’ भिंगरी म्हणाली, ‘छर्ऱ्यांचा डबा आणू?’

बाबांचे हसू जिथल्या तिथे थांबले. आता आत्या हसू लागली, आणि आई हसता हसता एकदम गप्प झाली, कारण भिंगरी तिच्या पिशवीकडे बघत होती.

‘मला वाटलं, मी एकटीच टाकते,’ आई म्हणाली. ‘तेवढ्यानं काय होतंय, म्हटलं.’

‘सगळ्यांनाच तसं वाटलं,’ भिंगरी म्हणाली, आणि तिने आपल्या खिशातले दाणे टेबलावर ठेवले. ‘मला पण. आपण नाक्यावर जकात भरतो तशी भरतोय. त्यांनी चोच दाखवायची, आपण भरायची. मग त्या चोच का सोडतील? बाबा, पुढच्या चौकातल्या माणसाच्या पायाला टोचल्यावर तो तुम्हाला पाव देणार असेल, तर तुम्ही टोचाल की नाही?’

‘कसला पाव?’ बाबांनी विचारले, आणि आत्याने त्यांच्या पाठीत रट्टा घातला.

नियम भिंगरीने ठरवला. अंगणात जाताना गमबूट. कोंबडी धावत आली की आपण पळायचे नाही, हात हलवायचे नाहीत, ओरडायचे नाही, खांबासारखे उभे राहायचे. ती टोचेल, टोचू द्यायचे. टोचून टोचून कंटाळली, चौघींच्या चोची आपापल्या जागी आल्या, की मग दूरच्या भिंतीशी ठेवलेल्या भांड्यात दाणे टाकायचे. टोचल्याबद्दल दाणा नाही. शांत राहिल्याबद्दल आहे.

‘आणि टोचलं तर मी काय करायचं?’ आत्याने विचारले.

‘काही नाही. तू खांब आहेस.’

‘मी खांब नाही, तुझ्या बापाची थोरली बहीण आहे.’

‘थोरली बहीण असलेला खांब हो.’

पहिल्यांदा काय झाले असेल? सुधारल्या? छे. त्या आणखी चेकाळल्या. दुकानाची खिडकी रोज उघडते आणि आज उघडली नाही, तर रांगेतली माणसे शहाण्यासारखी घरी जात नाहीत. ती आधी खिडकी बडवतात. फौजदारीण गमबुटावर अशी तुटून पडली की आत पाय होता म्हणून बरे. बाबा खांब झाले आणि खांबाच्या तोंडून अशा शिव्या निघाल्या की मी त्या इथे लिहू शकत नाही. आई मात्र उत्तम खांब झाली. ती उभ्या उभ्या झोपली.

आणि आत्याने दगा दिला.

भिंगरीने खिडकीतून पाहिले. फौजदारीण, जाऊबाई आणि ठसका तिघी आत्याला बिलगल्या होत्या, टोचता टोचता दमल्या होत्या, आता सोडणारच होत्या, आणि नेमक्या त्या क्षणी आत्याच्या खिशातून मका सांडला.

‘आत्या!’

‘पडला.’

‘मूठभर?’

‘जड होता.’

‘आता त्यांना काय कळलं, माहितीये? भरपूर टोचलं की शेवटी मिळतं. आता त्या भरपूर टोचतील.’

‘भिंगरे, मी इंजेक्शन देत होते,’ आत्या रडवेली होऊन म्हणाली. ‘माझ्याजवळ सुई असायची. इथं सुई त्यांच्याजवळ आहे.’

भिंगरीला तिची दया आली. तरीही तिने सुईदोरा आणून आत्याच्या एप्रनचा खिसा शिवून टाकला.

हळूहळू फरक पडत गेला. आधी तीपण सुधारली. तिघी आपापला हट्ट धरून बसल्या, मागोमाग जायला एक अशी कुणी उरली नाही, तेव्हा तीपण भिंतीशी भांड्यापाशी जाऊन उभी राहू लागली आणि तिला पहिला दाणा मिळू लागला. जाऊबाईने ते पाहिले. दुसरीच्या वाटीतले तिला कधीच सहन होत नसे, तीही भांड्यापाशी गेली. ठसका दोन-तीनदा गमबुटाला टोचून, मध्येच अडकून, गेली. फौजदारीण मात्र तशीच. ती यायची, टोचायची आणि तोंडाकडे बघायची. एक डोळा लावून बघायची, मग मान फिरवून दुसरा डोळा. बरेच दिवस पगार थकलेला शिपाई साहेबाकडे बघतो, तसे.

रविवार उजाडला आणि खाटीक आला. हातात जाळीची टोपली, पायात चपला, चेहरा हसरा. खाटीक स्वभावाने फार गोड माणूस होता. कोंबड्यांचे मत वेगळे असेल.

‘चालून बघायचंय होय?’ तो म्हणाला. ‘अहो, मला कोंबडी टोचणार? मला बघून त्या प्रार्थनेला बसतात.’

‘काका, धावत आल्या तर नुसतं उभं राहा,’ भिंगरी म्हणाली. ‘आणि खिशात हात घालू नका.’

खाटकाने खिशातला हात हळूच बाहेर काढला.

सगळे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. खाटीक फाटकातून निघाला. चौघी खुराड्यामागून आल्या. तीपण निम्म्या वाटेत भांड्याकडे वळली. जाऊबाईने खाटकाच्या टोपलीत काय आहे ते पाहिले, काही नाही म्हटल्यावर तीही गेली. ठसका थांबली, ओरडायला लागली, अडकली आणि निघून गेली. भिंगरीने श्वास सोडला.

मग फौजदारीण आली आणि तिने चपलेच्या बंदामधल्या उघड्या जागी नेम धरला.

‘आई गं!’ खाटीक हातभर उडाला. ‘मेलो! दुकानात नाही ओ अशा करत!’

‘दुकानात त्यांना वेळ कुठं असतो?’ आत्या पुटपुटली.

बाबांनी मान खाली घातली. त्यांनाही वाईट वाटत होते, आणि वाईट वाटले की ते उगाच हातातले फडके घासत बसायचे. ‘तिघी राहतील, भिंगरे. ही जाईल. शब्द म्हणजे शब्द.’

‘त्यांनी उडी मारली! खांबानं उडी मारायची नसते.’

‘गिऱ्हाईकं खांब नसतात. त्यांना कोण शिकवणार?’

हे खरे होते, आणि खरे असल्यामुळेच भिंगरीला ते झोंबले. खाटीक टोपलीचे झाकण उघडत होता. फौजदारीण अंगणाच्या मधोमध मान उंचावून उभी होती. तिला टोपली दिसत होती, पण टोपलीचा अर्थ तिला कुठून कळणार?

भिंगरी दारात बसली आणि तिने दोन्ही गमबूट काढले. मोजेही काढले.

‘हे काय करतेस?’ आई म्हणाली.

‘एकदाच. मी टोचून घेते. उडी मारणार नाही. ती काय करते ते बघा आणि मग न्या.’

‘बूट घाल आधी,’ बाबा म्हणाले, पण तोवर ती अंगणात पोचली होती.

तुम्ही हे करू नका. भिंगरीच्या पायाची बोटे बारीक आणि गोल होती, वरून पाहिले तर अगदी मक्याच्या दाण्यांसारखी. फौजदारीण जवळ आली. एक डोळा लावून तिने बोटे पाहिली. मग करंगळीवर टोच मारली.

भिंगरीच्या डोळ्यांतून पाणी आले. ती हलली नाही.

दुसरी टोच. दारात आत्याने स्वतःची मूठ चावली. बाबांचे पाऊल आपोआप शेडमधल्या डब्याकडे निघाले आणि आईने त्यांच्या हातावर चापट मारली. खाटीक टोपली धरून तसाच उभा होता.

फौजदारीण थांबली. मान वर करून तिने भिंगरीच्या तोंडाकडे पाहिले, आधी या डोळ्याने, मग त्या डोळ्याने. काहीच पडेना. तिने आणखी एकदा टोचले, पण या वेळी अगदी हलके, नुसती आठवण करून दिल्यासारखे. तरीही काही पडेना. मग तिने पंख झटकले, दोन पावले बाजूला गेली, आणि जणू मूळ काम तेच होते अशा थाटात माती उकरू लागली.

भिंगरी तरीही हलली नाही. फौजदारीण चांगली रमेपर्यंत ती तशीच थांबली. मग लंगडत भिंतीपर्यंत गेली आणि तिने भांड्यात दाणे टाकले. फौजदारणीने दाण्यांचा आवाज ऐकला. भिंगरीच्या पायांशेजारून, पायांकडे न बघता, ती भांड्यापाशी गेली आणि तिने तीपणला बाजूला ढकलले.

‘थांबा,’ खाटीक म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. ‘एवढीशी पोर अनवाणी उभी राहते आणि मी उडी मारतो? गल्लीत कळलं तर माझ्या दुकानात कोण येईल? मी परत चालतो.’

तो फाटकापर्यंत मागे गेला, पुन्हा आला आणि मधोमध उभा राहिला. डोळे त्याने घट्ट मिटले होते. फौजदारीण आली. तिने चपलेला एकदा चोच लावली. खाटकाच्या मिशा थरथरल्या, पण पाय जमिनीवरच राहिले. फौजदारणीने वर पाहिले, या माणसाकडूनही काही मिळणार नाही असे तिला दिसले, आणि ती भांड्याकडे परत गेली.

खाटकाने एक डोळा उघडला. ‘गेली?’

‘गेली,’ बाबा म्हणाले. त्यांनी फडके खांद्यावर टाकले. ‘आजच्यापुरती राहू दे. पण रोजच्या माणसांनी नीट वागलं तर. इथं कुणी परत चोरून दाणा टाकला, की सगळं मुसळ केरात.’

हे बोलताना त्यांनी आत्याकडे पाहिले. आत्याने आभाळाकडे पाहिले.

खाटीक रिकामी टोपली घेऊन निघाला, आणि फाटकातून बाहेर पडेपर्यंत तो फार सावकाश चालला. भिंगरी नळाखाली पाय धरून बसली. करंगळी सुजली होती आणि गार पाण्याने बरे वाटत होते. तिने नळ बंद केला, पाय झटकला, आणि घरातले सगळे गमबूट गोळा करून आत कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावले.

मग ती आत्यासमोर येऊन उभी राहिली.

‘चपला काढ,’ ती म्हणाली. ‘आता तू.’